पासवर्ड बरोबर, तरी दार बंद: कॉलेज लायब्ररीचा फेडरेटेड लॉगिन कसा लावायचा, कसा सांभाळायचा

विद्यार्थी संशोधन नियतकालिकांच्या प्रकाशकाची साइट उघडतो. वर उजवीकडे 'साइन इन' दिसतं. तिथं कॉलेजचा ईमेल आणि कॉलेजचा पासवर्ड टाकतो. चुकीचा पासवर्ड, असं उत्तर येतं. मग 'फरगॉट पासवर्ड' दाबतो, नादात प्रकाशकाकडे नवीन खातंच उघडून बसतो. लेख काही उघडत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर येऊन म्हणतो, "सर, पासवर्ड बरोबरच हाय की, तरी आत घेत नाही."

पासवर्ड खरंच बरोबर असतो, दार चुकलेलं असतं. आणि दार बरोबर असूनही आत घेतलं नाही, तर बहुतेक वेळा चूक विद्यार्थ्याची नसते, आपल्या यादीची असते. म्हणून हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ग्रंथपालांसाठी आहे, आणि 'तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना' म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्या शिक्षकांसाठी. सहावा टप्पा तेवढा विद्यार्थ्यांचा. तो छापून काउंटरजवळ चिकटवला तरी चालेल.

सुरुवातीला एवढंच लक्षात घ्या

बसपास काढताना कॉलेजचं बोनाफाईड लागतं. डेपोतला माणूस विद्यार्थ्याला ओळखत नाही, तो कॉलेजच्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो. फेडरेटेड लॉगिन म्हणजे प्रत्येक वेळी, दोन सेकंदांत दिलं जाणारं बोनाफाईड. पासवर्ड कॉलेजच्या लॉगिन पानावर तपासला जातो, प्रकाशकाला तो कधीच दिसत नाही. प्रकाशकाकडे फक्त निरोप जातो: हा आमचा विद्यार्थी आहे, याला आत घ्या. कॉलेज आणि प्रकाशक यांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा म्हणून मध्ये एक संघ लागतो. आपल्याकडे ते काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा 'इन्फेड' करतो.

बोनाफाईड जनरल रजिस्टर बघून लिहितात. रजिस्टर चुकलं की बोनाफाईड चुकणारच. खालचे टप्पे याच क्रमानं लावलेत, क्रम मोडू नका.

१. आपला हक्क कुठून येतो ते शोधा

लॉगिन लावला म्हणजे वर्गणी भरली असं होत नाही. दारातून आत सोडणं वेगळं, आतलं कपाट उघडणं वेगळं. म्हणून आधी कागदावर लिहून काढा: कॉलेजला कोणता संग्रह, कोणत्या योजनेतून, कोणत्या तारखेपर्यंत मिळतो.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेबद्दल इथं फार गोंधळ आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ती मंजूर केली, १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं तिच्यात आहेत. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. आपल्या भागातली बरीच कॉलेजं खासगी शिक्षण संस्थांची आहेत, काही अनुदानित, काही विनाअनुदानित. 'विद्यापीठाला मिळतं म्हणजे संलग्न कॉलेजलाही मिळतं' असं धरून चालू नका. कॉलेजांसाठीच्या एन-लिस्टचं (इन्फ्लिबनेटचीच ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं देणारी योजना) सभासदत्व वेगळं असतं आणि त्यातला संग्रहही वेगळा असतो.

करारात 'अधिकृत वापरकर्ता' कोणाला म्हटलंय ते वाचा. चालू विद्यार्थी आणि नोकरीत असलेले शिक्षक त्यात असतातच. माजी विद्यार्थी सहसा नसतात. लायब्ररीत येऊन बसणारा बाहेरचा वाचक काही करारांत चालतो, पण फक्त लायब्ररीच्या आवारात.

तपासा: प्रत्येक संग्रहापुढं वर्गणी संपायची तारीख लिहिली आहे का? नसेल तर पुढं जाऊ नका.

२. यादी: निम्मं काम इथंच आहे

घाई करून लोक ऑफिसची एक्सेल फाईल उचलतात आणि ॲडमिन पॅनेलवर चढवून मोकळे होतात. नंतर वर्षभर निस्तरत बसतात.

नावाच्या आधारानं यादी जुळवू नका. आपल्या सीमाभागात एकाच मुलीचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असतं. मराठी शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मी चौगुले. आधारवर इंग्रजीत लक्ष्मीच्या मधे 'एक्स', तर मार्क्स कार्डावर त्याच जागी 'के-एस-एच'. आडनाव कन्नड नोंदीवरून इंग्रजीत येता येता 'चौगला' झालेलं. ऑफिसच्या दृष्टीनं ह्या तीन मुली, वर्गात मात्र एकच बसते. मी एका दुपारी अशी यादी जुळवायला बसलो होतो. आधारप्रमाणे एक, मार्क्स कार्डाप्रमाणे एक, अशी एकाच मुलीची दोन खाती निघाली. एकाचा पासवर्ड तिला माहीत, दुसऱ्याला हक्क दिलेला. ती महिनाभर पहिल्या खात्यानं प्रयत्न करत होती.

म्हणून ओळखीचा आधार एकच ठेवा: विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक. पदवी कॉलेजांत यूयूसीएमएस या कर्नाटकच्या विद्यापीठ-कॉलेज पोर्टलवरचा, इंजिनिअरिंगला यूएसएन (युनिव्हर्सिटी सीट नंबर). वर्गातला रोल नंबर अजिबात नको. रोल नंबर दर वर्षी नव्या मुलाला जातो, आणि मागच्या वर्षीच्या मुलाचं खातं त्याच्या नावावर चढतं.

फाईल तयार करताना असं करा:

क) एक ओळ, एक माणूस. नोंदणी क्रमांक, नाव, ईमेल, भूमिका, विभाग, मुदत. एवढंच. आधार नंबर, जात, जन्मतारीख, पालकांचा मोबाईल यातलं काहीही या यादीत घालायची गरज नाही. ऑफिसच्या मूळ फाईलमध्ये ते असतंच, ते रकाने आधी उडवा.

ख) एक्सेलमध्ये क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' करून मगच क्रमांक चिकटवा. नाहीतर लांबलचक आकड्याचं एक्सेल परस्पर 'ई प्लस अकरा' करून टाकतं आणि सुरुवातीची शून्यं गिळतं.

ग) नावं देवनागरीत किंवा कन्नडमध्ये असतील तर फाईल साठवताना 'यूटीएफ-८'वालाच सीएसव्ही प्रकार निवडा. नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

घ) क्रमांकाच्या आणि ईमेलच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा काढा. डोळ्यांना ती दिसत नाही, सर्व्हरला दिसते.

ङ) ईमेल चालू आहे का ते विचारून घ्या. प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्यानं स्वतःचाच ईमेल दहा-बारा पोरांना लावून दिल्याचं आमच्या यादीत सापडलंय. पासवर्ड बदलायची लिंक मग त्याच्याकडे जाते.

थांबा: फाईल चढवण्याआधी ईमेलचा रकाना क्रमानं लावून एकच ईमेल दोनदा आलाय का बघा. नोंदणी क्रमांकाचंही तेच करा. पाच मिनिटांचं काम आहे.

३. भूमिका नीट भरा

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. यादीत भूमिका नसेल तर प्रकाशकाकडे जाणारा निरोप अर्धवट जातो: माणूस आमचा आहे, पण कोण आहे ते माहीत नाही. प्रकाशक अशाला लॉगिन होऊ देतो, लेख देत नाही. 'लॉगिन झालं पण खरेदी करा म्हणतंय' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं.

फेडरेशनमध्ये भूमिकेचे शब्द ठरलेले आहेत: स्टुडंट, फॅकल्टी, स्टाफ, मेंबर, ॲलम, लायब्ररी-वॉक-इन असे. आपल्या मनानं 'गेस्ट लेक्चरर' किंवा 'बी.ए. तृतीय' असं लिहिलं तर पलीकडच्या यंत्राला ते कळत नाही. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांच्यापुढं त्यांची भूमिका आणि त्याबरोबर 'मेंबर' अशा दोन्ही नोंदी हव्यात, कारण काही प्रकाशक फक्त 'मेंबर' आहे का एवढंच बघतात. माजी विद्यार्थ्याला 'ॲलम' लावा, 'मेंबर' लावू नका. तासिका तत्त्वावरचे शिक्षक 'फॅकल्टी'त घाला, फक्त मुदत सत्राच्या अखेरची ठेवा.

काही प्रकाशक भूमिकेशिवाय 'लायब्ररीच्या सर्वसाधारण अटींखाली येणारी व्यक्ती' असा एक वेगळा हक्कदर्शक मजकूर मागतात. तो एका अक्षरानं चुकला तरी दार उघडत नाही. हातानं टाइप करू नका, मूळ कागदपत्रातून कॉपी करा.

४. संघातली नोंद

कॉलेजकडे स्वतःचा सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल तर इन्फ्लिबनेट स्वतःच्या सर्व्हरवर ओळख तपासण्याची सोय करून देतं. दोन माणसांच्या लायब्ररीनं तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. सर्व्हर बसवण्याची हौस वर्षभर टिकते, तो अपडेट करण्याची हौस महिनाभर.

स्वतःचा सर्व्हर असेल तर तीन गोष्टींवर डोळा ठेवा.

डोमेन: भूमिकेच्या पुढं '@' लागून कॉलेजचं डोमेन जातं. संघाकडे नोंदवलेलं डोमेन आणि हे डोमेन एकच हवं. कॉलेजनं वेबसाइट नव्या पत्त्यावर नेली आणि संघाला कळवलं नाही, की सगळ्यांच्या भूमिका एका रात्रीत बाद होतात.

घड्याळ: शिबोलेथमध्ये (ओळख तपासून निरोप पाठवणारं सॉफ्टवेअर) घड्याळातला फरक साधारण तीन मिनिटांपर्यंत चालवून घेतात. त्याच्या पुढं गेला की निरोप शिळा धरला जातो. वीज गेल्यावर जुना सर्व्हर भलतीच वेळ दाखवत उठतो. वेळ आपोआप जुळवण्याची सेवा चालू ठेवा.

प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरचा डिजिटल शिक्का: जुनं काढून नवं लावणं एकाच दिवशी करू नका. आधी नवं प्रमाणपत्र जुन्याच्या शेजारी नोंदवा, ती नोंद सगळ्या प्रकाशकांपर्यंत पोचू द्या, मग सर्व्हरवर नवं वापरात आणा, शेवटी जुनं काढा.

तपासा: तांत्रिक संपर्क म्हणून कुणाचा ईमेल दिलाय? बदली होऊन गेलेल्या सरांचा असेल तर सगळ्या सूचना त्यांच्याकडे जात असतील. पदाचा ईमेल द्या, माणसाचा नको.

५. चाचणी आवाराबाहेरून करा

ही चूक मी स्वतः केली आहे. लायब्ररीतल्या वायफायवर बसून एकेक साइट उघडली, सगळे लेख उघडले, प्राचार्यांना 'झालं' म्हणून सांगितलं. गणपतीची सुट्टी लागली, पोरं गावी गेली आणि फोन सुरू झाले. एकाचंही उघडत नव्हतं. झालं होतं असं, की लायब्ररीच्या इंटरनेट पत्त्यावरून प्रकाशक लॉगिन न मागताच आत घेत होता. मी जे तपासलं त्यात लॉगिन आलाच नव्हता.

त्यामुळं: वायफाय बंद, मोबाईल डेटा चालू, ब्राउझरची खासगी खिडकी. एक विद्यार्थी, एक शिक्षक, एक माजी विद्यार्थी अशी तीन चाचणी खाती घ्या. पहिल्या दोघांना लेख मिळायला हवा, तिसऱ्याला मिळता कामा नये. तिसऱ्यालाही मिळाला तर आनंद मानू नका, टप्पा ३ पुन्हा बघा.

लेख खरोखर वर्गणीतलाच निवडा. मुक्त प्रवेशाचा लेख कुणालाही उघडतो, त्यानं काही सिद्ध होत नाही.

६. विद्यार्थ्यानं काय करायचं

१) प्रकाशकाच्या साइटवर ईमेल-पासवर्डचा चौकोन दिसला तर त्यात काही लिहू नका. 'ॲक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन' किंवा 'इन्स्टिट्यूशनल लॉगिन' असं लिहिलेलं बटण शोधा.

२) यादीत संस्थेचं नाव शोधा. इथं आपल्या भागाची खास अडचण आहे. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी झालं, पण जुन्या नोंदींत इंग्रजीतलं 'बेलगाम' सापडू शकतं. शोधताना फक्त बी, ई, एल ही तीन अक्षरं टाका, दोन्ही नावं समोर येतील. निपाणीत 'पी' एक की दोन, चिकोडीत 'के' एक की दोन, दोन्ही करून बघा. विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या इंग्रजी नावात 'एस'पुढं 'एच' नाही. आणि खानापूर दिसलं की लगेच दाबू नका, सांगली जिल्ह्यातही खानापूर आहे.

३) ब्राउझर मागची संस्था लक्षात ठेवतो. चंदगडकडून येऊन इथं एम.ए.ला बसलेल्यांनी हे जरूर बघावं. बी.ए. कोल्हापूरच्या विद्यापीठातून झालं असेल तर त्या संस्थेचं नाव आपोआप पुढं येतं, तुम्ही सवयीनं दाबता आणि तिथं तुम्ही आता माजी विद्यार्थी असता. नावाशेजारची फुली दाबून ते काढा, चालू कॉलेज निवडा.

४) आता उघडणारं पान आपल्या कॉलेजचं किंवा संघाचं आहे का ते वरच्या पत्त्यात बघा. मगच पासवर्ड टाका.

५) माहिती पाठवायला परवानगी मागितली तर कोणती माहिती जाते ते वाचून मान्य करा. नाकारलंत तर निरोपच जाणार नाही.

६) काम झालं की पूर्ण ब्राउझर बंद करा. नुसता टॅब बंद केल्यानं लॉगिन संपत नाही, प्रकाशकाकडून 'लॉगआउट' केल्यानंही कॉलेजकडचं सत्र चालूच राहू शकतं. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तर याशिवाय उठू नका.

थांबा: लॉगिनच्या पानाला बुकमार्क करू नका. ते पान त्या एका वेळेपुरतं तयार झालेलं असतं. बुकमार्क करायचाच तर प्रकाशकाच्या साइटचा करा.

ओटीपी लागत असेल तर जांबोटी, कणकुंबीकडच्या पोरांची पंचाईत होते. घरात रेंज नाही, रेंजसाठी चढावर जायचं आणि परत येईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. त्यांना एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप जोडून द्या. त्यातला आकडा फोनमध्येच तयार होतो, त्याला सिग्नल लागत नाही. फोनची वेळ 'ऑटोमॅटिक'वर असली पाहिजे एवढंच.

७. घोडं कुठं अडलंय ते ओळखा

तक्रार आली की पासवर्ड बदलून देऊ नका. आधी विचारा: शेवटचं कोणतं पान दिसलं?

संस्था यादीतच नाही: त्या प्रकाशकाशी आपली जोडणी झालेली नाही, किंवा वर्गणी नाही. टप्पा १.

कॉलेजचं पान आलं, पासवर्ड नाकारला: खातं नाही, मुदत संपली, किंवा खरोखर पासवर्ड चुकला. टप्पा २.

'स्टेल रिक्वेस्ट' असं पान: बुकमार्क किंवा मागे जाण्याचं बटण. विद्यार्थ्याला प्रकाशकाच्या साइटवरून पुन्हा सुरू करायला सांगा. सर्व्हरला हात लावू नका.

लॉगिन झालं, लेख नाही: भूमिका चुकली, किंवा तो अंक वर्गणीच्या वर्षांत बसत नाही. दुसऱ्या वर्षाचा अंक उघडून बघा. तो उघडला तर भूमिका ठीक आहे.

सगळ्यांचंच एकदम बंद: घड्याळ, प्रमाणपत्र, डोमेन. टप्पा ४.

पान गोल गोल फिरतंय: ब्राउझरनं कुकी अडवल्यात. दुसरा ब्राउझर वापरून बघा.

संघाला किंवा प्रकाशकाला लिहिताना 'ॲक्सेस होत नाही' एवढंच लिहू नका. तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, वरच्या पत्त्यासह पानाचा फोटो, लेखाची लिंक, मोबाईल डेटा की वायफाय, एवढं द्या. पासवर्ड मात्र कधीच नाही.

८. जाणाऱ्यांचा निरोप

नव्यांना आत घ्यायची सगळ्यांना घाई असते, गेलेल्यांना बाहेर काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. खातं उघडतानाच मुदत घाला: पदवीला तीन वर्षं (इंजिनिअरिंगला चार), पदव्युत्तरला दोन, पीएच.डी.ला दर वर्षी मार्गदर्शकाच्या सहीनं नूतनीकरण. टी.सी. दिली की ऑफिसनं त्याच दिवशी लायब्ररीला क्रमांक कळवायचा. हे तोंडी ठेवू नका, टी.सी.च्या अर्जावर लायब्ररीच्या सहीसाठी एक रकानाच छापून घ्या.

बंद केलेला क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, आणि विनाकारण कुणाचा युझरनेम बदलूही नका. प्रकाशकाकडे नावाऐवजी एक सांकेतिक ओळख जाते आणि ती सहसा आपल्याकडच्या मूळ क्रमांकावरूनच तयार होते. मूळ बदललं की त्या माणसानं तिकडं जपून ठेवलेले लेख आणि शोध त्याला परके होतात.

राहता राहिला एकच प्रकार. कुणीतरी डाउनलोड करणारं सॉफ्टवेअर लावून एका नियतकालिकाचे सगळे खंड उतरवायला घेतं. प्रकाशक ते ओळखतो आणि सगळ्या कॉलेजचा प्रवेश तोडतो. फेडरेटेड लॉगिनमध्ये तो माणूस शोधता येतो: प्रकाशक वेळ आणि सांकेतिक ओळख कळवतो, ती आपल्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आत आलं त्याच्या सर्व्हरवरच्या नोंदीत, जुळवायची. पण त्यासाठी लॉग जपून ठेवलेला हवा. त्याचं खातं तात्पुरतं बंद करा, त्याला समोर बोलावून विचारा, मग प्रकाशकाला लेखी कळवा. खातं दुसऱ्यानंच वापरलं असेल तर ते या बोलण्यातूनच निघतं. मागच्या खेपेला आमच्याकडे ते त्या मुलाच्या खोलीवरच्या मित्रानं वापरलेलं निघालं, आणि तो मित्र आमच्या कॉलेजचा नव्हताच.